कोकणातल्या लाकडी छपराला आणि माळ्याला धातूचे कनेक्टर: बसवायचे कसे, भार किती धरायचा

जॉइस्ट हँगर म्हणजे कडी (माळ्याच्या फळ्यांखालचं आडवं लाकूड) बसवायची पत्र्याची खोबण. तिला दोन्ही बाजूंना मिळून वीस-पंचवीस भोकं असतात आणि बहुतेक ठिकाणी त्यातल्या आठ-दहांत खिळे मारून काम पुढे सरकतं. कडी हलत नाही, माळ्यावर दोन माणसं उभी राहिली तरी काही होत नाही, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पण कॅटलॉगमध्ये त्या हँगरसमोर जो भार छापलेला असतो, तो सगळी भोकं ठरलेल्या खिळ्यांनी भरल्यावरचा असतो. अर्धे खिळे गाळले तर साधारण अर्धा भार गळाला. खिळ्याची जात बदलली की आणखी घट आणि लाकूड ओलं राहिलं की त्यावर आणखी.

नव्याने हे काम करणाऱ्याने एवढं पक्कं धरावं, की छापलेला आकडा पत्र्याचा नसतो, पूर्ण जोडाचा असतो. त्यात पत्रा, खिळे, लाकूड, भाराची दिशा आणि हवा सगळं आलं. यातली शेवटची गोष्ट कोकणात सगळ्यात जास्त नडते.

भार खाली जातो, तसा वरही जातो

आपल्याकडची जुनी छपरं वजन खाली नेण्यासाठी उत्तम बांधलेली आहेत. कौलं रिपांवर, रिपा वाशांवर, वासे आढ्यावर आणि पाटावर (भिंतीच्या माथ्यावरचं आडवं लाकूड), पाट चिऱ्यावर. वजन खाली येत असेल तोवर या साखळीत खिळा फक्त जागेवर धरून ठेवायचं काम करतो. वारा छपराखाली शिरला की साखळी उलटी होते आणि तेव्हा पाटात तिरका मारलेला एक चार इंची खिळा सोडून वाशाला धरणारं काहीच नसतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागात अनेक घरांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि छपरं गेली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं, तेव्हा सिंधुदुर्ग-रत्नागिरीतही तेच झालं.

आता आकडे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: सेकंदाला मीटरमधला वेग घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये मिळतं. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५ भाग ३, त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत मुंबईसाठी मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे आणि पणजीसाठी ३९. ३९ चा हिशेब केला तर दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलो, ४४ चा केला तर सुमारे ११८ किलो. घर सड्याच्या (उंचावरच्या उघड्या पठाराच्या) कड्यावर असेल तर वेग आणखी वाढवून धरावा लागतो. जमिनीच्या उंचसखलपणासाठी मानकात १.३६ पर्यंतचा गुणक आहे, म्हणजे दाब जवळजवळ १.८५ पट. नारळी-पोफळीच्या आडोशातलं घर आणि सड्यावरचं घर यांना वासा पाटाला बांधणारा एकच क्लॅम्प चालेल असं समजू नका.

पडवीचं एक उदाहरण सोडवून बघू, कारण उडते ती आधी पडवीच. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या आधारापर्यंत अंतर २.४ मीटर, पुढे वळचण ०.६ मीटर, वासे ६० सेंटीमीटरवर. एका वाशाच्या वाट्याला ३ × ०.६ म्हणजे १.८ चौरस मीटर. वरची ओढ आणि खालून बसणारा धक्का मिळून १.२ चा ढोबळ गुणक धरला तर ९३ × १.२ × १.८ म्हणजे सुमारे २०० किलो वर उचलणारं बळ. वळचण पुढे आल्यामुळे त्यातलं ६२ टक्क्यांच्या आसपास बाहेरच्या टेकणीवर येतं, म्हणजे १२६ किलो. मंगलोरी कौलं रिपांसह दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरतात, त्यांचं त्या टेकणीवर येणारं वजन ७३ किलो. निव्वळ ओढ राहिली ५३ किलो.

तीच कौलं उतरवून पत्रा घातला तर? पत्रा आणि खालचं सामान मिळून चौरस मीटरला १५ किलो धरा. टेकणीवर वजन जेमतेम १७ किलो, निव्वळ ओढ १०९ किलो. दुप्पट! वादळात कौलं फुटली म्हणून लोक त्याच जुन्या वाशांवर, त्याच जुन्या खिळ्यांवर पत्रा टाकतात आणि छप्पर आता मजबूत झालं असं समजतात. पत्रा घालणार असाल तर वाशाचा जोड आधी सुधारा, मग पत्रा आणा. कौलांचंही एक आहे: सुटी कौलं आधी उडतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचं वजनही जातं. म्हणून वळचणीच्या दोन-तीन ओळी तारेने रिपेला बांधून घ्याव्यात.

समुद्राची हवा आणि जस्ताचा हिशेब

दुकानात "जीआय आहे", म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड आहे, एवढंच सांगतात. जीआय तीन प्रकारचं येतं आणि तिघांचं आयुष्य वेगळं असतं.

चकचकीत पांढरं किंवा पिवळसर, हाताला गुळगुळीत लागणारं, ते विजेने जस्त चढवलेलं. त्यावर जस्त पाच ते आठ मायक्रॉन. कारखान्यात पत्र्यालाच जस्त लावून मग कापून-वाकवून केलेले कनेक्टर बहुधा झेड२७५ वर्गाचे असतात, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम, एका बाजूला सुमारे २० मायक्रॉन. तिसरं हॉट डिप, म्हणजे वस्तू तयार झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवलेली. ती करडी, थोडी खडबडीत दिसते. जाड पट्टीवर ८० मायक्रॉनच्या पुढेही थर मिळतो.

किनाऱ्यालगतच्या तीव्र हवेत जस्त वर्षाला साधारण ४ ते ८ मायक्रॉन झिजतं, थोडं आत आलं की २ ते ४. बाकीचा हिशेब तुम्हीच करा: दर्यापासून हाकेच्या अंतरावर पहिल्या प्रकाराचं आयुष्य एक-दोन पावसाळे, दुसऱ्याचं तीन ते पाच वर्षं, तिसऱ्याचं दहा ते वीस. लाटांचे तुषार ज्या घराला लागतात तिथे एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ घ्यावं. ३०४ चालतं असं दुकानदार सांगेल, पण खाऱ्या हवेत त्यावर चहाच्या डागासारखे तपकिरी डाग पडतात आणि खाचाखोचांत गंज शिरतो.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उघड्यावरचा क्लॅम्प लवकर गंजेल असं वाटतं, पण पावसाच्या धारा त्याच्यावरचं मीठ धुऊन नेतात. वळचणीच्या आत, पागोळ्यांच्या मागे जिथे पाऊस पोचत नाही आणि वारा मात्र पोचतो, तिथे मीठ साचून राहतं. आपले वाशाचे क्लॅम्प नेमके त्याच जागी असतात.

धातू मिसळू नका. जीआय कनेक्टरला जीआय खिळे, स्टेनलेसला स्टेनलेस. जीआय क्लॅम्पला काळे साधे खिळे मारले तर खिळा आधी जातो आणि क्लॅम्प नुसता लटकून राहतो. रासायनिक प्रक्रिया केलेलं लाकूड आणलं असेल आणि त्यात तांब्याचे क्षार असतील (हिरवट झाक दिसते), तर झेड२७५ वर अजिबात विसंबू नका. हॉट डिप किंवा स्टेनलेसच.

गावातल्या फॅब्रिकेटरकडून पट्टी वाकवून घेणं स्वस्त पडतं आणि त्यात गैर काही नाही. पट्टी किमान ३ मिमी जाड घ्या, भोकं आणि वाक आधी करून घ्या, मग हॉट डिपला पाठवा. उलटा क्रम केला तर प्रत्येक भोकाची कड उघडी राहते. वेल्डिंगवर चांदीसारखा रंग मारून दिलेला क्लॅम्प परत करा. अशा घरगुती क्लॅम्पला कुणी चाचणी केलेला भार नसतो, त्यामुळे त्याचा हिशेब खिळ्यांच्या संख्येवरूनच करायचा. तो पुढे येतो.

खिळा

कनेक्टरचं भोक साधारण ५ मिमीचं असतं आणि त्यासाठी ४ मिमी जाडीचा, अंगावर गोल कंगोरे असलेला खिळा हवा. लांबी ४० किंवा ६० मिमी. डोक्याखाली त्याचा घेर जरा वाढतो आणि तो भोकात घट्ट बसतो. साध्या गुळगुळीत खिळ्याला ही दोन्ही अंगं नसतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, मे महिन्यात आकसतं आणि तो दरवर्षी केसभर वर येतो. सतत ओढ सोसायला गुळगुळीत खिळा मोजायचाच नाही. लाकडाच्या टोकातून, म्हणजे रेषांच्या दिशेने मारलेल्या खिळ्याचीही ओढीतली ताकद शून्य धरा.

काळे जिप्समचे स्क्रू वापरू नका. ते कडक असतात, वाकत नाहीत, कट्‌कन तुटतात, आणि समुद्राजवळ त्यांचा काळा थर एक पावसाळाही काढत नाही. स्क्रूच हवा असेल तर ५ मिमीचा, कनेक्टरसाठीच बनवलेला, हॉट डिप किंवा स्टेनलेस घ्या. एकाच जोडात निम्मे खिळे, निम्मे स्क्रू असंही करू नये. खिळा थोडा सरकून भार घेतो, स्क्रू जागेवर ताठ राहतो, मग सगळा भार आधी स्क्रूंवर येतो.

पुस्तकी नियम पाइनसारख्या हलक्या लाकडासाठी लिहिलेले असतात. आपलं लाकूड वेगळं. घनमीटरला ५०० किलोच्या वरच्या लाकडात आधी भोक पाडल्याशिवाय खिळा मारू नये असा युरोपातला नियम आहे, आणि साग, फणस, किंजळ, ऐन हे सगळे त्या रेषेच्या वर जातात. म्हणजे कोकणात ड्रिलशिवाय कनेक्टरचा खिळा मारायचाच नाही. भोक खिळ्याच्या जाडीच्या जास्तीत जास्त ८० टक्के: ४ मिमीच्या खिळ्याला ३ मिमीचं बिट. जुन्या सुकलेल्या ऐनात बिट तापून धूर निघतो. दोन-तीनदा बाहेर काढून भुसा झटकत जा. माडाच्या सोटात बाहेरचा काळपट थर टणक आणि आतला भाग भुसभुशीत असतो. खिळ्याचं टोक आत पोकळीतच गेलं तर तो खिळा मोजू नका. तिथे आरपार बोल्ट घ्यावा.

अंतरं: आधी भोक पाडलेल्या ४ मिमी खिळ्यासाठी, भार ज्या टोकाकडे ओढतो त्या टोकापासून किमान ४८ मिमी, दुसऱ्या टोकापासून २८ मिमी. कडेपासून १२ मिमी, पण भार त्या कडेकडे असेल तर २०. कनेक्टरच्या भोकांची एकमेकांतली अंतरं कारखान्याने सांभाळलेली असतात, लाकडाच्या टोकापासूनचं अंतर मात्र तुमच्या हातात असतं. एम१२ (१२ मिमी जाडीच्या) बोल्टला ओढीच्या टोकापासून ८४ मिमी, ओढीच्या कडेपासून ४८ मिमी. लाकडातलं भोक १३ मिमीपेक्षा मोठं नको. वायसर किमान ३६ मिमी रुंद आणि ४ मिमी जाड. नटाबरोबर फुकट मिळणारा पातळ गोल वायसर लाकडात रुततो.

कॅटलॉगमधला आकडा वाचताना

युरोपीय पद्धतीच्या तक्त्यात "कॅरॅक्टरिस्टिक" भार दिलेला असतो, किलोन्यूटनमध्ये. १ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलो. हा आकडा थेट वापरायचा नसतो. त्याला भाराचा काळ आणि ओलावा यांच्या गुणकाने गुणून १.३ ने भागायचं. ओल्या, उघड्या हवेसाठी गुणक असे: कायमचं वजन ०.५०, महिनोन्‌महिने राहणारं ०.५५, माणसांची ये-जा ०.६५, वारा ०.९०. घराच्या आत, कोरड्यात, माणसांच्या वजनासाठी ०.८०. अमेरिकन तक्त्यात आकडा पौंडांत असतो आणि तो आधीच सुरक्षित केलेला असतो, पण रकाने वेगवेगळे असतात: १०० चा जमिनीसाठी, १२५ चा छपरासाठी, १६० चा वाऱ्यासाठी. १६० च्या रकान्यातला मोठा आकडा बघून माळ्याचं गणित मांडणं ही नवशिक्याची ठरलेली चूक. लाकूड वापरात ओलं राहणार असेल तर तिथे खिळ्यांचा भार ०.७ ने गुणून कमी करायचा असतो.

माळ्याचं उदाहरण घेऊ. कड्या ३ मीटरच्या, ६० सेंटीमीटरवर. फळ्या-कड्यांचं वजन चौरस मीटरला ५० किलो, वापराचं २०० किलो. एका कडीच्या एका टोकाला ०.९ चौरस मीटर येतं, म्हणजे २२५ किलो. सुरक्षेचे गुणक (कायम वजनाला १.३५, वापराला १.५) लावले की ३३१ किलो, म्हणजे ३.२५ किलोन्यूटन. समजा हँगरवर १० किलोन्यूटन छापलंय. ओल्या हवेत १० × ०.६५ ÷ १.३ म्हणजे ५ किलोन्यूटन. चालेल. अर्धे खिळे गाळले तर २.५. पडलं! माळ्यावर भाताची पोती आणि सोललेले नारळ दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत राहणार असतील तर ०.६५ च्या जागी ०.५५ येतो, आणि २०० किलोचा वापरही तोकडा पडतो. पोत्यांची थप्पी खरोखर किती भरते ते मोजून घाला.

छापील भार नसलेल्या पट्टीच्या क्लॅम्पसाठी एक सोपं धोरण: ४ × ४० च्या नीट मारलेल्या एका खिळ्याला आडवा भार ५० किलो धरा. टणक लाकडात तो जास्त घेईल, ती बचत गंजाच्या खात्यात राहू द्या. मात्र वाशातले खिळे आणि पाटातले खिळे एकत्र मोजायचे नाहीत. वाशात चार आणि पाटात चार म्हणजे ४०० नव्हे, २०० किलो. वाशात पाच, पाटात दोन असतील तर जोड दोन खिळ्यांचा, १०० किलोचा.

हँगर बसवायची रीत

१. कडीची रुंदी मोजून हँगर घ्या. हँगर रुंद आणि कडी बारीक असेल तर पाचर ठोकून भागवू नका. उंची कडीच्या किमान ६० टक्के हवी, नाहीतर कडी आडवी कलते.

२. कडीचं टोक गुण्या लावून काटकोनात कापा. ते तुळईला भिडलं पाहिजे. फट ३ मिमीपेक्षा जास्त नको. फट वाढली की खिळे तिरके वाकू लागतात.

३. तुळईवर कडीच्या तळाची रेघ मारा. पाण्याची लेव्हल लावून दोन्ही टोकं जुळवा, मग हँगर रेघेवर धरून दोन्ही बाजूंना एकेक खिळा अर्धाच मारा.

४. कडी खाली टेकवा. तळाशी पोकळी राहिली तर हँगर काढून पुन्हा लावा. खाली चपटी घालून उचललेली कडी वर्षभरात बसते आणि माळा करकरतो.

५. आता सगळी भोकं ड्रिल करून सगळे खिळे मारा, आधी तुळईतले, मग कडीतले. कडीत तिरके मारायचे खिळे असतील तर ते लांबीने ६० मिमीचे आणि तुळईपर्यंत पोचणारे हवेत.

६. खालचा धिरा सगळ्या कड्यांचे खिळे पूर्ण झाल्यावरच काढा. अर्ध्या खिळ्यांवर फळ्या चढवू नका.

भोक मोठं करणं, पत्रा कापणं, एकदा वाकवलेली पट्टी सरळ करून परत वाकवणं, यातलं काहीही केलं की छापलेला आकडा संपला. चष्मा घाला, टणक लाकडात कडक खिळा उसळून येतो. हातमोजे तर हवेतच, पत्र्याची कड ब्लेडसारखी असते.

वासा आणि पाट

हे काम शिमग्याच्या आसपास काढावं. लाकूड सुकलेलं असतं आणि मृगाच्या आधी हातात दोन महिने राहतात. वळचणीकडच्या तीन-चार ओळी कौलं उतरवून घ्या, म्हणजे पाट उघडा होतो. पेचकस घेऊन पाट आणि वाशाची टेकण टोचून बघा. बोटभर आत गेला तर तो भाग वाळवीने किंवा ओलीने खाल्लेला आहे. तिथे क्लॅम्प लावणं म्हणजे शेणात खिळा मारणं.

वासा चौकोनी असेल तर पिळाचा क्लॅम्प (मधे पीळ दिलेली पट्टी) किंवा कोनपट्टी बाजूला लावता येते. एकाच बाजूला लावली तर ओढीत वासा फिरतो, म्हणून दोन लावा आणि त्या तिरप्या समोरासमोर ठेवा: एक आतल्या अंगाला, दुसरी बाहेरच्या, म्हणजे दोन्हीकडचे खिळे एकमेकांवर येत नाहीत. जुन्या घरात वासे गोलसर, हाताने तासलेले असतात. त्यावर कोनपट्टी टेकतच नाही. वाकसाने आठ-दहा मिमीची सपाटी काढता येईल, पण त्याहून सरळ उपाय म्हणजे सपाट पट्टी वाशावरून गुंडाळून दोन्ही टोकं पाटाच्या दोन बाजूंना उतरवायची आणि प्रत्येक टोकाला किमान चार खिळे मारायचे. पट्टी ताणून घ्या. ढिली पट्टी वाऱ्याला आधी झटका घेऊ देते आणि मग भार उचलते. झटक्याचा भार साध्या भारापेक्षा कितीतरी मोठा असतो. रीप पट्टीवर येत असेल तर रीप खाचवा, पट्टी दुमडू नका.

वरच्या बाजूलाही बघा. आढ्यावर समोरासमोर येणाऱ्या दोन वाशांना वरून एक आडवी पट्टी टाकून बांधलं नाही, तर खाली घट्ट धरलेलं पाख वरून उघडतं.

पाट आणि चिरा

वासा पाटाला बांधला, पण पाट कशाला बांधलाय? बहुतेक जुन्या घरांत तो चुन्या-मातीत नुसता ठेवलेला असतो. जांभ्या चिऱ्यात फुगणारे फास्टनर मारू नका. दगड सच्छिद्र असतो, फास्टनर फुगताना कडा फुटतात आणि हाताने ओढला तरी निघतो. नवं बांधकाम असेल तर भिंतीच्या डोक्यावर काँक्रीटचा पट्टा घालून त्यातच वाकवलेले एम१२ बोल्ट १.२ मीटरवर बसवून घ्या. जुन्या भिंतीत १२ मिमीचा थ्रेड रॉड चिऱ्यांच्या सांध्यातून ६० सेंटीमीटर खाली नेऊन खाली १०० × १०० × ६ मिमीची प्लेट अडकवायची आणि सांधा चांगल्या मसाल्याने भरायचा. मग वरचं बांधकामच वजन होतं: १.२ मीटर लांब, २३ सेंटीमीटर जाड, ६० सेंटीमीटर उंच भिंत, घनमीटरला २ टन धरली तर ३३० किलो. पत्र्याच्या पडवीत तेवढ्या लांबीत दोन वाशांची ओढ २१८ किलो. दीडपट हातात राहते. मातीतल्या बांधकामात चिरे सुटे उचलले जातात, तिथे रॉड ९० सेंटीमीटर न्या.

पडवीला भिंत नसून खांब असतील तर गणित पायावर येतं. खांब २ मीटरवर असले तर प्रत्येकावर सव्वातीन वाशांची, म्हणजे साडेतीनशे-पावणेचारशे किलो ओढ. ६० सेंटीमीटर लांब-रुंद-खोल काँक्रीटचा ठोकळा ५०० किलोच्या जरा वर भरतो, त्यात खांबाचा बूट (खांबाच्या पायाखालचा धातूचा आधार) गाडा. बूट असा घ्या की लाकूड जमिनीपासून किमान २५ मिमी वर राहील. खांब थेट कोब्यात पुरला की त्याचा पाय पावसाळ्यात कुजतो आणि बोल्ट नुसत्या भुशात उरतात. चार मीटरपेक्षा लांब कड्या, दुमजली माळे, सड्याच्या टोकावरची घरं हे अंदाजाने करू नका, स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून हिशेब काढून घ्या.

नंतरची देखभाल

ओलं लाकूड बोल्टने आवळलं असेल तर पहिल्या उन्हाळ्यानंतर नट अर्धा-पाऊण फेरा फिरतोच. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर परत बघा. दरवर्षी मे महिन्यात वळचणीतले क्लॅम्प गोड्या पाण्याने धुवा. नळीने दोन मिनिटं पुरे. जस्तावर पांढरी भुकटी दिसली तर ती पुसून लक्ष ठेवा, तिथे जस्त झिजतंय. लाल डाग दिसला म्हणजे जस्त संपलं आणि लोखंड लागलं. डाग वाकावर किंवा खिळ्यांच्या डोक्यांभोवती असेल तर रंग मारून झाकू नका, क्लॅम्प बदला. बदलताना नवा क्लॅम्प जुन्या भोकांवर बसवायचा नाही, पन्नास मिमी सरकवून लावायचा. खिळ्याची डोकी ओळीने तपासा: दोन-तीन मिमी वर आलेला खिळा हातोडीने परत आत ठोकला तर तो दिसायला बसतो, पण त्याची पकड गेलेली असते. तो उपटा आणि शेजारी नवं भोक पाडून दुसरा मारा.